स्वतःला मारून घेणारं मूल, बक्षीस आणि शिक्षा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी विशेष शिक्षिका आहे. गेली २० वर्षं बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता असलेल्या मुलांबरोबर काम करते. रात्री अकरानंतर मला येणाऱ्या व्हॉइस मेसेजपैकी बरेचसे एकाच गोष्टीबद्दल असतात: मूल स्वतःला मारून घेतंय, आम्ही काय करू? आईबाबा, आजी, शाळेतल्या ताई जे विचारत राहतात ते इथे एकत्र केलं आहे. प्रश्नांचे शब्द शक्यतो त्यांचेच ठेवले आहेत.

१. लहानपणी सगळीच मुलं डोकं आपटतात ना? मग काळजी कधी करायची?

वर्ष-दीड वर्षाची काही मुलं झोपताना पाळण्याच्या कठड्यावर डोकं आपटतात. बहुतेकांचं ते वाढत्या वयात आपोआप सुटतं. मी इथे बोलतेय ते त्याच्या पलीकडचं. कानशिलावर बुक्के मारणं, भिंतीवर डोकं आपटणं, मनगट चावणं, डोळ्यात बोट खुपसणं, जखमेवरची खपली पुन्हा पुन्हा काढणं. ते रोज होतं, त्याच जागी होतं आणि खूण ठेवतं. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाच्या अंगठ्याच्या मुळाशी चावून चावून घट्टा पडला आहे, टाचेच्या कातडीसारखा जाड आणि पिवळट. अशी खूण दिसली की वाट बघत बसू नका.

किशोरवयीन मुलगा किंवा मुलगी मनातल्या त्रासापोटी ब्लेडने हात कापून घेत असेल, तर तो प्रश्न वेगळा आहे आणि खालची उत्तरं त्याला लागू पडत नाहीत. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

२. आधी थेरपिस्टकडे न्यायचं की डॉक्टरकडे?

डॉक्टरकडे. ज्याला "दुखतंय" म्हणता येत नाही, तो दुखऱ्या जागेवर मारतो. कान फुटलाय का, दाढ किडलीय का, आठवडाभर पोट साफ झालेलं नाही का, छातीत जळजळतंय का, हे आधी बघायचं. एकदम नव्याने सुरू झालं असेल तर आणखीच.

एक तेरा वर्षांची मुलगी महिन्यातून काही दिवस पोटावर आणि मांडीवर जोरजोरात मारून घ्यायची. तिच्या आईने दुधाचा हिशेब लिहायच्या कॅलेंडरवर त्या दिवसांभोवती लाल गोल केले. तीन महिन्यांची पानं समोर ठेवली आणि आम्हा दोघींना एकदमच कळलं. पाळी यायच्या आदल्या दिवसापासून डॉक्टरांनी वेदनाशामक सुरू केलं आणि मारून घेणं जवळजवळ थांबलं. त्याआधी शाळेत तिला "हट्टीपणा करते" म्हणून कोपऱ्यात बसवलं जात होतं. दुखण्याबद्दल मिळालेली शिक्षा होती ती, आणि आजही आठवली की मला अस्वस्थ करते.

डोक्याला मार लागून उलटी किंवा गुंगी आली, डोळ्यात रक्त उतरलं, दृष्टी कमी झाल्यासारखी वाटली, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. डोक्यावर, डोळ्यावर वारंवार मार बसला तर डोळ्याचा पडदा सरकू शकतो.

३. तपासण्या सगळ्या नॉर्मल आहेत. मग तो असं करतो तरी का?

कारण त्यातून त्याला काहीतरी मिळतं, किंवा नकोशा कशातून तरी सुटका होते, किंवा ती संवेदनाच त्याला हवीशी असते. हे तीन रस्ते वेगवेगळे आहेत आणि तिन्हींवरचा उपायही वेगळा आहे.

याचा पाया अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये घातला. स्वतःला इजा करणाऱ्या नऊ मुलांना त्यांनी वेगवेगळ्या परिस्थितीत पंधरा-पंधरा मिनिटं बसवलं: अभ्यास करून घेताना, मारून घेतल्यावर कोणी काळजीने बोलतंय अशा वेळी, मोकळं खेळताना आणि एकटं असताना. मग कुठे जास्त होतं ते मोजलं. पुढे १९९४ मध्ये याच पद्धतीने तपासलेल्या १५२ जणांचे निष्कर्ष त्यांनी मांडले. सुमारे ३८ टक्के जण काम किंवा त्रासदायक परिस्थिती टाळण्यासाठी इजा करून घेत होते, २६ टक्के लक्ष, खाऊ किंवा वस्तू मिळवण्यासाठी, तर जवळपास तितकेच त्या संवेदनेसाठी. "लक्ष वेधायला करतो" हे आपण सर्रास म्हणतो, पण या आकड्यांत तरी ते कारण पहिल्या क्रमांकावर नाही.

घरी प्रयोग करायचे नाहीत. तीन रकाने आखा: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर आपण काय केलं. दोन आठवडे लिहा. एका आजीच्या कागदावर रोज सकाळी साडेआठच्या आसपास खूण होती. आधीच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, "भाताचा कुकर लावला." नातू तिसऱ्या शिट्टीच्या आत कानावर मारायला लागायचा. घरच्यांनी कुकर लावायच्या आधी त्याला गच्चीत फिरवायला सुरुवात केली. बक्षीस नाही, शिक्षा नाही, निम्मं काम तिथेच झालं.

४. बक्षीस देऊन वागणं सुधारायचं म्हणजे लाच देण्यासारखंच नाही का?

मूल डोकं आपटतंय आणि आपण "थांब, थांब, कुरकुरे देते" म्हणतो, ती लाच. तिने डोकं आपटणं पक्कं होतं. मानसशास्त्राच्या पुस्तकांत ज्याला प्रबलन म्हणतात ते आधीपासून ठरवलेलं असतं आणि मूल दुसरं काहीतरी करतं तेव्हा मिळतं. ते दुसरं काय, हे प्रश्न ३ च्या उत्तरावरून ठरतं.

एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये दाखवलेला रस्ता मला आजही सर्वांत माणुसकीचा वाटतो: मूल मारून घेऊन जे मागतंय, ते मागायची दुसरी रीत त्याला शिकवा. अभ्यास नको असेल तर त्याच्या हातात एक कार्ड द्यायचं, त्यावर उघड्या पंजाचं चित्र. कार्ड पुढे केलं की दोन मिनिटं सुट्टी, लगेच, एकदाही न चुकता. पालक विचारतात, मग तो दिवसभर कार्डच दाखवेल. सुरुवातीला दाखवतो. दाखवू द्या. कपाळाऐवजी कार्ड पुढे येतंय, हीच मोठी कमाई आहे. ते रुळलं की "आधी हा एक मणी ओव, मग सुट्टी", मग दोन मणी, मग पाच.

लक्ष हवं असेल तर ते मागायच्या आधीच, ठरावीक वेळाने द्या. दर दहा मिनिटांनी पाठीवरून हात फिरवायला काही खर्च येत नाही.

५. थेरपिस्ट म्हणतात, डोकं आपटलं तरी दुर्लक्ष करा. डोळ्यांदेखत कसं करायचं?

नुसतं दुर्लक्ष हा उपचार नाही. एखाद्या वागण्यातून मिळणारी गोष्ट अचानक बंद केली, तर ते वागणं कमी होण्याआधी बऱ्याचदा उसळी मारतं. रोज दहा वेळा आपटणारा चाळीस वेळा आपटेल, जास्त जोरात आपटेल. तेव्हा आई घाबरून धावली, की त्याला कळतं: जोरात आपटलं की मिळतं. आधीपेक्षा वाईट धडा.

म्हणून दुर्लक्षाचा सल्ला प्रश्न ४ मधल्या शिकवण्याशिवाय कोणी दिला, तर थांबा आणि विचारा: "मग त्याने मागायचं कसं?" शिवाय दुर्लक्ष म्हणजे इजा होऊ देणं नव्हे. डोकं आणि भिंत यांच्यात उशी सरकवा, हात अडवा, पण तेव्हा बोलू नका, रागवू नका, चेहरा शांत ठेवा. आणि तो संवेदनेसाठी करत असेल तर तुमच्या दुर्लक्षाने काहीच फरक पडणार नाही, कारण त्याला तुमच्याकडून काही नकोच आहे. तिथे तीच संवेदना सुरक्षितपणे देणारं काहीतरी शोधावं लागतं. ऑक्युपेशनल थेरपिस्टची मदत तिथे फार होते.

६. एक चापट दिली की लगेच थांबतो. लागू पडतंय, मग वाईट काय?

हा प्रश्न विचारणाऱ्या कुठल्याही आईवर मी रागावलेली नाही. सहा महिने न झोपलेली बाई हा प्रश्न विचारते. म्हणून नीट उत्तर देते.

चापट लागू पडते ती तुम्हाला. घरात क्षणभर शांतता होते, तुमच्या जिवाला उसंत मिळते, आणि ती उसंत तुमच्या हाताला पुन्हा उठायला शिकवते. म्हणजे ज्या नियमाने मुलाचं डोकं आपटणं पक्कं होतं, त्याच नियमाने तुमचं मारणंही पक्कं होतं. उद्या तीच चापट कमी पडते, परवा उलथनं हातात येतं. चटके दिलेली, मिरचीची धुरी दिलेली मुलं मी पाहिली आहेत. सुरुवात एका चापटीनेच झाली होती आणि ते आईबाप दुष्ट नव्हते.

आता मुलाच्या बाजूने बघा. तो स्वतःच्या कानशिलावर मारतो ते तुमच्या चापटीपेक्षा कितीतरी जोरात. अधिक दुखवून तुम्ही त्याला काय शिकवणार? लक्ष हवं असेल तर चापट हेही लक्षच. अभ्यास नको असेल तर मारामारीत अभ्यास बुडालाच. आणि दुखतंय म्हणून मारत असेल, तर एका दुखण्यावर दुसरं. उरतं ते फक्त भय. तो बाबांसमोर थांबतो, आजीसमोर सुरू करतो. मग घरातले म्हणतात, "बाबाला बरोबर घाबरतो." त्याला काही समजलेलं नसतं, त्याने फक्त कोण मारतं ते ओळखलेलं असतं.

७. शास्त्रात शिक्षा म्हणजे मारणंच असतं का?

नाही. वर्तनानंतर घडलेल्या ज्या गोष्टीमुळे ते वर्तन पुढे कमी होतं, ती शिक्षा. मग ते खेळणं दोन मिनिटं बाजूला ठेवणं असेल किंवा विस्कटलेलं परत लावायला सांगणं. उलट, तुम्ही ओरडता आणि वागणं वाढतं, तर तुमचं ओरडणं हे शास्त्राच्या भाषेत प्रबलन झालं. हेतू काय होता याला तिथे किंमत नाही.

म्हणूनच कुणी "आम्ही शिक्षा करत नाही, फक्त टाइमआउट देतो", म्हणजे थोडा वेळ बाजूला बसवतो, असं म्हटलं तर कान टवकारा. टाइमआउट शिक्षाच आहे. आणि काम टाळण्यासाठी डोकं आपटणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर बसवलं, तर त्याला हवं तेच हातात दिलं.

८. परदेशात शॉक देऊन हे बरं करतात असं ऐकलं. खरं आहे का?

शॉक दिला जात होता हे खरं आहे. "बरं करतात" हे खरं नाही.

१९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात मानसशास्त्रज्ञ इव्हार लोवास यांनी हे केलं. लोवास आणि सिमन्स यांचा १९६९ चा तीन मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध आहे. शॉकने इजा करणं झपाट्याने थांबलं, पण ज्या खोलीत आणि ज्या माणसाकडून शॉक मिळाला तिथेच. दुसरी खोली, दुसरा माणूस, की मूल पुन्हा सुरू. म्हणजे प्रश्न ६ मधलं "बाबाला घाबरतो", फक्त प्रयोगशाळेत मोजलेलं.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या कँटन गावी जज रोटेनबर्ग सेंटर नावाची निवासी संस्था आहे. तिथे काही जणांच्या अंगाला इलेक्ट्रोड लावलेले असतात, उपकरण पाठपिशवीत असतं आणि कर्मचाऱ्याच्या हातात रिमोट. २००७ मध्ये कुणीतरी वरिष्ठ असल्याचं भासवून तिथल्या एका वसतिगृहात फोन केला. कर्मचाऱ्यांनी खातरजमा न करता दोन मुलांना शॉक दिले, एकाला ७७ आणि दुसऱ्याला २९. ही घटना मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते. दुखवणं एकदा उपचारात बसलं, की बटण दाबणाऱ्याला विचार करायची सवयच राहत नाही.

२०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छळविषयक विशेष प्रतिवेदकांनी तिथल्या शॉकला आक्षेप घेतला. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने मार्च २०२० मध्ये अशा उपकरणांवर बंदी घातली, २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ती रद्द केली, २०२२ च्या अखेरीस काँग्रेसने कायदा बदलून एफडीएला तो अधिकार दिला आणि २०२४ मध्ये एफडीएने बंदीचा प्रस्ताव पुन्हा मांडला. बक्षीस-शिक्षेचं हे शास्त्र वापरणाऱ्या वर्तन विश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही २०२२ मध्ये अशा शॉकच्या विरोधात भूमिका घेतली. हे शास्त्र ज्यांचं, त्यांनीच हे म्हणायला इतकी वर्षं घेतली, याची मला खंत आहे.

(मानसोपचारात भूल देऊन मेंदूला विजेचा झटका देतात ती ईसीटी वेगळी. तिची गल्लत करू नका.)

९. म्हणजे शिक्षा कधीच नाही? मूल डोळा फोडून घेत असेल तरी?

हा सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि मी तो टाळत नाही. १९८८ मध्ये वर्तन-संशोधक व्हॅन हाउटेन आणि सहकाऱ्यांनी मांडलं, की परिणामकारक उपचार मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. त्यात तथ्य आहे. आपले हात स्वच्छ राहावेत म्हणून वर्षभर निष्प्रभ उपाय करत बसणं आणि तोवर मुलाची दृष्टी जाणं, हाही अन्यायच.

माझी रेषा अशी आहे. वेदना, भूक, अपमान, कोंडून ठेवणं कुठल्याही परिस्थितीत नाही. त्याखालच्या सौम्य गोष्टी, म्हणजे डोळ्याकडे जाणारा हात अडवणं किंवा आवडती वस्तू मिनिटभर थांबवणं, चालतील. पण दुखणं तपासलेलं हवं, कारण शोधलेलं हवं, दुसरी रीत मनापासून शिकवून झालेली हवी आणि ती शिकवणी पुढेही चालू हवी. योजना कागदावर हवी आणि ती कधी थांबवायची ते त्याच कागदावर. आकडे उपचार करणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणीतरी तपासावेत. दोन आठवड्यांत घट दिसली नाही तर "आणखी कडक करू" नव्हे, "कारण चुकीचं ओळखलं" असं म्हणून प्रश्न ३ वर परत यायचं.

तुम्हाला खोलीबाहेर बसवून आत जे काही होतं, ते मी या रेषेच्या आत धरत नाही.

१०. हेल्मेट घालणं किंवा हात बांधणं चालतं का?

हेल्मेट, कोपराला स्प्लिंट (हात वाकू न देणारी पट्टी), मऊ हातमोजे ही संरक्षणं आहेत, डॉक्टर आणि थेरपिस्टच्या सल्ल्याने आणि ती कमी करत नेण्याच्या योजनेसह. महिनोन्‌महिने स्प्लिंट राहिली तर सांधे आखडतात.

बांधून ठेवणं नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एर्वाडीत आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळताही आलं नाही. २८ जण गेले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९५ ने साखळीने बांधण्यावर बंदी आहे. कलम ९७ नुसार एकांतकोठडी नाही आणि शारीरिक बंधन तात्काळ धोका टाळायला दुसरा उपायच नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने, लागेल तेवढाच वेळ. शिक्षा म्हणून किंवा माणसं कमी आहेत म्हणून नाही.

११. तो कायदा मतिमंद मुलांना लागू होत नाही, असं संस्थेने सांगितलं.

त्या कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत बौद्धिक अक्षमता येत नाही, हे बरोबर. पण म्हणून रान मोकळं होत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चं कलम ६ छळ आणि क्रूर, अमानुष वागणुकीपासून संरक्षण देतं. शाळेत शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. मुलाच्या अंगावर न समजणाऱ्या खुणा दिसल्या तर तारीख दिसेल असे फोटो काढा, डॉक्टरांकडून नोंद करून घ्या आणि चाइल्ड हेल्पलाइन १०९८ किंवा पोलिसांकडे जा. थेरपिस्टचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका.

१२. थेरपी सेंटरवाले म्हणतात नाश्ता देऊ नका, म्हणजे खाऊचं बक्षीस चालेल.

नाही. बक्षीस गोड दिसतं म्हणून ते आपोआप न्याय्य होत नाही. जे मुलाचं हक्काचं आहे, म्हणजे जेवण, पाणी, शौचाला जाणं, आईची कूस, ते काढून घेऊन "कमवायला" लावणं ही बक्षिसाच्या वेषातली शिक्षा आहे. ताब्यातल्या दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून अन्नपाणी नाकारणं हा २०१६ च्या कायद्याच्या कलम ९२ खाली गुन्हा आहे, सहा महिने ते पाच वर्षं कैद. बक्षीस जादाचं असावं: फुगे, झोका, आवडतं गाणं, शेंगदाण्याचा एखादा लाडू.

१३. औषध सुरू करायला सांगितलंय. म्हणजे आम्ही हरलो का?

मुळीच नाही. स्वमग्नतेतल्या तीव्र चिडचिडीसाठी, ज्यात स्वतःला इजा करणंही येतं, रिस्पेरिडोन आणि अॅरिपिप्रॅझोल वापरतात. वजन आणि साखर यांवर लक्ष ठेवावं लागतं. मात्र मूल शांत झालंय की गुंगीत आहे, हे रोज बघा. प्रश्न ३ मधला कागद डॉक्टरांना दाखवा, मात्रा ठरवायला त्यांना त्याचा उपयोग होतो.

१४. एका डॉक्टरांनी हा जनुकीय आजार आहे म्हणून सांगितलं. मग या सगळ्याचा उपयोग नाही?

कमी-अधिक आहे. लेश-नायहान आजारात मुलं स्वतःचे ओठ आणि बोटं चावतात, अगदी तुकडा पडेपर्यंत, आणि त्यांना ते नको असतं. काही जण स्वतःच "माझे हात धरा" म्हणतात. अशा मुलांवर शिक्षा उलटते असं दिसलं आहे. इथे संरक्षक साधनं मुलाच्या मागणीवरून लावली जातात, तेव्हा प्रश्न १० मधला नियम मी सैल करते. बंधन कुणाला हवंय, यावर सगळं अवलंबून आहे.

१५. मूल बोलत नाही. मग त्याची संमती कशी घ्यायची?

सही तुम्ही करता, पण उत्तर तोही देत असतो. थेरपीच्या दारात पाय घट्ट रोवतो का? त्या ताईंचा आवाज ऐकून तळवे घामेजतात का? की स्वतःहून चप्पल काढून आत पळतो? माझ्या खोलीत येताना एखादं मूल सलग तीन दिवस दारात अडलं, तर मी त्याची योजना बदलते.

१६. आम्ही आधी खूप मारलंय त्याला. आता काय?

आजपासून मारू नका, आणि ते एकट्याच्या निर्धारावर सोडू नका. हात उठतो ती वेळ शोधा. बहुतेक घरांत ती संध्याकाळी सहा ते आठ असते, स्वयंपाक आणि अभ्यास एकत्र आल्यावर. त्या वेळेचा अभ्यास बंद करा. घरात दोघं असाल तर "आता तू घे" एवढं म्हणून दुसऱ्याच्या हाती मूल सोपवायचं, कारण विचारायचं नाही, असं ठरवा. एकटी असाल तर त्याला सुरक्षित जागी बसवून दारापर्यंत जा, पाणी प्या, परत या.

आणि शांत वेळी, काहीही निमित्त नसताना, त्याच्याजवळ हात न्या आणि नुसते केस कुरवाळा. पहिल्या काही दिवसांत तो दचकेल. हात तिथेच थांबवा, तो पुढे येईपर्यंत.